पोटी कोण न्हाय

आठ मार्च जवळ आला की मला फोन येऊ लागतात. कुणाची पतपेढी, कुणाचं महिला मंडळ, कुणाचं कॉलेज. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मी बोलायला बरी पडते. शाल, श्रीफळ, गुलाबाचं एक फूल आणि "मॅडम, कर्तबगार स्त्रियांवर वीसेक मिनिटं बोला, मग अल्पोपाहार आहे." मीही बोलते. राण्यांवर बोलते, शाळा काढणाऱ्यांवर बोलते, टाळ्या घेते आणि रिक्षानं घरी येते. जी गोष्ट खरं म्हणजे सांगायला हवी, ती आजवर एकाही मंडपात सांगितलेली नाही. ती सांगताना माझा आवाज अजून चढतो, आणि आवाज चढलेल्या बाईला पुढच्या वर्षी कुणी बोलावत नाही. म्हणून ती इथं लिहिते.

गडमुडशिंगीला आमचं पेंडीचं दुकान होतं. राहतं घर मागं आणि दुकान पुढं, मधे नुसता एक पडदा. सरकी पेंड, शेंगपेंड, भुसा, गोळी, असल्या वासात आम्ही तिघी बहिणी वाढलो. कोल्हापूरच्या शाळेत माझ्या बाकावरची मुलगी म्हणायची, तुझ्या वेणीला म्हशीच्या खाद्याचा वास येतो. येत होताच, मी काय नाही म्हणणार. सकाळी पोती उघडली की चिमण्यांचा असा कालवा व्हायचा की रेडिओवरच्या बातम्या कुणाला कळत नसत. दुकान आप्पांच्या नावावर, पण एका पोत्याबरोबर त्यांची कंबर धरली ती कायमची, आणि तेव्हापासून दुकान महादेवी बघायची. महादेवी म्हणजे आमची थोरली. बारावी झाल्यावर तिनं पुस्तकं माळ्यावर टाकली आणि हातात पोत्याचा आकडा घेतला. भल्या भल्या गवळ्यांना ती तोंडावर सांगायची, "उधारी न्हाय आनी म्हशीची शप्पतबी घालायची न्हाय." आप्पा गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसून चहा प्यायचे आणि गिऱ्हाइकाला मालक दिसायचे. मी मधली, शैलजा, तेव्हा दहावीला. धाकटी राजश्री, म्हणजे राजू, अजून फ्रॉकात.

आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आईला आम्ही आव्वा म्हणायचो. आव्वा सीमेपलीकडच्या गावची, बोलायला कमी आणि कामाला उभी. तिच्या हातची कारळ्याची चटणी नुसत्या वासानं भूक लावायची. भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा एक ठरलेला ताल असायचा, आणि तो थांबला की काहीतरी बिनसलंय हे आम्हाला ओसरीवर कळायचं. शेजारी, भिंतीला भिंत लावून, आप्पांचे धाकटे भाऊ तम्माकाका राहायचे. दोन्ही घरांच्या मधे एक दार होतं, ते कधी लावलेलं मी पाहिलं नव्हतं. काकू दिवसातून चारदा त्या दारातून यायची, कधी मिठाला, कधी नुसतीच बसायला. तिचा एकुलता एक मुलगा बसू, बसवराज, नुकताच फौंड्रीत लागला होता. चांगला पोरगा. आम्हाला शिफ्टवरून येताना बटाटेवडे आणायचा.

आता हेळवी म्हणजे कोण, हे सांगितलं पाहिजे, कारण हल्लीच्या मुलांना ते ठाऊक नसतं. हेळवी म्हणजे वंशावळ सांगणारा. आमच्यासारख्या घरांचे हेळवी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असायचे. चार-पाच वर्षांतून एकदा, सुगी घरात आली की आमचा रुद्राप्पा हेळवी सीमेपलीकडून बैलावर बसून यायचा. शिंगं रंगवलेली, गळ्यात मोठी घंटा, पाठीवर झूल. गल्लीच्या तोंडाला बैल उभा करून, त्यावरून खाली न उतरता, तो आमच्या मूळ पुरुषापासून काल जन्मलेल्या पोरापर्यंत सगळी नावं एका सुरात म्हणायचा. हातात कागद नाही, काही नाही. कूळ कुठून आलं, कुणी शेत धरलं, कुणाच्या पोटी कोण. म्हणून झालं की घरोघरच्या सुना सुपातून जोंधळा आणून त्याच्या पोत्यात घालायच्या. भावकीत वाद लागला की हेळव्याचा शब्द शेवटचा, कारण बैलावर बसून खोटं बोललं तर जीभ झडते असं तो मानायचा आणि गावही मानायचं. आम्हा पोरांना तो आला की जत्रा वाटायची. आमचं घर एवढं जुनं आहे, आमची माणसं एवढी मोठी होती, असं वाटून छाती फुगायची. शेवटची नावं येईपर्यंत मात्र आम्ही बैलामागं खेळायला लागलेलो असायचो, ती कधी नीट ऐकलीच नव्हती.

त्या वर्षी तो आला तो तम्माकाकांनी निरोप धाडला म्हणून. संध्याकाळी आमच्या सोप्यात घोंगड्यावर बसून त्यानं चहा घेतला. आप्पा भिंतीला टेकून, राजू त्यांच्या मांडीला टेकून, महादेवी दुकानच्या पडद्यापाशी आणि मी कपबशा घेऊन उभी. काका म्हणाले, "रुद्राप्पा, उद्या भावकीपुढं म्हणायच्या आधी एकदा कानावर घाल." त्यानं डोळे मिटले आणि सुरू केलं. मल्लाप्पा मुडशिंगीला आला, त्यानं शेत धरलं, विहीर पाडली. मल्लाप्पाच्या पोटी अमुक, त्याच्या पोटी तमुक. मी कौतुकानं ऐकत होते. शेवटी आमच्या आज्जांपाशी आला. "शिवाप्पाच्या पोटी दुंडाप्पा आन् तम्माण्णा. तम्माण्णाच्या पोटी बसवराज. दुंडाप्पाच्या पोटी कोण न्हाय."

दुंडाप्पा म्हणजे आमचे आप्पा.

राजूला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. ती हसून म्हणाली, "आज्जा, आम्ही हाय की हितं." रुद्राप्पा मायेनंच बोलला. "हाईसा की गं बाई. वंशात न्हाईसा." तिनं आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. मीही पाहिलं. आप्पा बशीतल्या चहाकडे बघत होते. काका म्हणाले, "त्येच्यासाठीच तर बलिवलंय ह्यास्नी. उद्या म्हणायचं, दुंडाप्पाच्या पोटी बसवराज. भावकीपुढं एकदा म्हटलं की झालं. घर, दुकान, शेत, सगळं एका नावाखाली ऱ्हाईल." थोडक्यात, बसूला आप्पांचा मुलगा म्हणून जाहीर करायचं होतं. कायद्यात ते बसतं की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. भावकीत बसत होतं. पडद्यापासून महादेवीनं विचारलं, "आनी मी?" काका हसून म्हणाले, "तुझं औंदा लगीन हाय की." मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, तुम्हाला हे ठाऊक होतं?" आप्पा बशीला म्हणाले, "वंश बुडवून चालतंय व्हय."

मला धक्का बसला, असं लिहिलं तर फार कमी पडेल. हातातल्या कपबशा खाली ठेवाव्यात हेही मला सुचेना. आम्ही तिघी त्याच खोलीत होतो. एक मांडीला टेकलेली होती. ज्यांच्या कंबरेला मी रोज तेल लावायचे, तेच आप्पा असे बसले होते की जणू खोलीत खरंच कुणी नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर रागवायला सोपं गेलं असतं.

मी रडत-बिडत नाही, मला राग आला की मी प्रश्न विचारते. पुढं शाळेत मुलांना याचा फार त्रास झाला. रुद्राप्पा घरामागच्या परड्यात बैलाला वैरण घालत होता, तिथं जाऊन उभी राहिले. विचारलं, "त्या मल्लाप्पाला बायको होती का वो?" वाकडंच विचारलं होतं. तो वैरण सोडत म्हणाला, "नसंल कशी? गंगव्वा." मी आणखी जवळ सरकले. मग म्हटलं, "आणि त्यांच्या सुनेचं नाव?" "थोरली काशव्वा, धाकटी चन्नव्वा. काशव्वा नदीपल्याडची." आणि त्यांच्या सुना? त्यानं त्याही सांगितल्या. कुणाच्या घरच्या, कुठल्या गावच्या, कुणाला मूल झालं नाही, कोण बाळंतपणात गेली. मी विचारत गेले आणि तो वैरण तोडता तोडता सांगत गेला, एकदाही आठवायला थांबला नाही.

"तुम्हाला कसं ठाऊक हे सगळं?"

"बानं शिकिवलं की. सोयरीक जुळवताना लागतंय. आईकडचं कूळ एक निघालं तर लगीन मोडतंय न्हवं."

"मग म्हणत का न्हाईसा?"

"म्हणायचं नसतंय."

"का?"

त्यानं थोडा विचार केला. त्याला हा प्रश्न पहिल्यांदाच पडत होता, हे दिसत होतं. "कोण म्हटलंच न्हाय," तो म्हणाला. मग तंबाखू मळत, गंमत सांगावी तसं म्हणाला, "आन् मल्लाप्पा कुठला येतोय मुडशिंगीला. त्यो दुष्काळात वाटंतच गेला. गंगव्वा आली, दोन पोरं आन् एक म्हस घिऊन. हीर तिनं पाडली." मी म्हटलं, पण तुम्ही तर म्हणता, विहीर मल्लाप्पानं पाडली. "तसंच म्हणायचं असतंय," रुद्राप्पा म्हणाला आणि तंबाखू तोंडात टाकली.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात थोर स्त्रियांचे फोटो लावलेले होते. बाकीच्या बायका इतिहासात का नाहीत, तर त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, काळाच्या ओघात गेली, असं मला वाटायचं. पुढं बी.एड.ला आम्हाला त्यासाठी 'साधनांचा अभाव' असा शब्दही शिकवला, आणि मी वर्गात मोठ्यानं हसले म्हणून बाहेर उभी राहिले. इथं तर साधन परड्यात उभं राहून तंबाखू खात होतं. त्याला सगळं तोंडपाठ होतं. त्याच्या बापाला होतं, बापाच्या बापाला होतं, आणि सगळ्यांनी मिळून पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच गिळलं होतं. त्या परड्यातला माझा धक्का सोप्यातल्या धक्क्यापेक्षा मोठा होता. तो अजून उतरलेला नाही.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. आव्वा आणि काकू दुसऱ्या दिवशीच्या हुग्गीसाठी, म्हणजे आमच्या गव्हाच्या खिरीसाठी, कांडलेले गहू पाखडत बसल्या होत्या. मी सगळं भडाभडा सांगितलं. विहीर गंगव्वेनं पाडली हे सांगताना माझा आवाज एवढा चढला की आव्वानं पदराआडून सोप्याकडे पाहिलं. तिच्या हातातलं सूप थांबलं. काकूनं मान खाली घालूनच विचारलं, "माझं काय सांगितला का?" मी म्हटलं, सांगितलं की. शांता, जोतिबाच्या पायथ्याच्या गावची, तीन भावांची एक बहीण. काकू म्हणाली, "म्हंजे ठाऊक हाय त्याला." आणि पुन्हा गहू पाखडायला लागली, जरा जोरात.

सकाळी दुकान उघडलं नाही. महादेवीनं किल्ल्यांचा जुडगा आप्पांच्या चहाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "ह्या बसूला द्या." एवढंच बोलून ती अंगण झाडायला गेली. दारात गवळी सायकली घेऊन उभे, चिमण्या बंद फळ्यांवर चोची मारतायत, आणि आप्पा त्या किल्ल्यांकडे बघत बसलेत. चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही.

गल्लीच्या तोंडाला भावकी जमली. पुरुष कट्ट्यावर, सुना आपापल्या उंबऱ्यात सुपं घेऊन. बसू पहिल्या शिफ्टला गेला होता. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. रुद्राप्पा बैलावर चढला, घंटा वाजवली आणि मल्लाप्पापासून म्हणत आला. "शिवाप्पाच्या पोटी दुंडाप्पा आन् तम्माण्णा. दुंडाप्पाच्या पोटी..." इथं त्यानं श्वास घेतला आणि काकांकडे पाहिलं.

"थांबा," आव्वा म्हणाली.

पुरुषांच्या बैठकीत मी तिचा आवाज तोवर ऐकला नव्हता. तो एवढा साधा होता की सगळे खरंच थांबले. पदर सावरून, सूप कडेवर घेऊन ती उंबऱ्याच्या पुढं आली. "मला तीन पोरी हाईत. त्येंची नावं घ्या."

"पोरी परक्याच्या घरच्या, अक्का," रुद्राप्पा समजुतीनं म्हणाला. "त्या सासरच्या वंशात जात्यात."

"तिथं घेताईसा त्येंची नावं?"

रुद्राप्पा बैलावर बसलेला होता, त्याला खोटं बोलता येत नव्हतं. शेवटी म्हणाला, "तिथंबी न्हाय."

"म्हंजे कुठंच न्हाय," आव्वा म्हणाली.

कट्ट्यावर कुणीतरी हसलं आणि मधेच हसायचं थांबलं. मी त्या सगळ्या पुरुषांच्या तोंडांकडे बघत होते. त्यांना राग आलेला नव्हता, ते चक्रावले होते. एवढी साधी बेरीज आयुष्यात कुणी केलीच नव्हती. तम्माकाका आधी भानावर आले. "वैनी, आत जावा तुम्ही."

"त्या कशाला आत जातील," पलीकडच्या उंबऱ्यातून काकू म्हणाली. "मी एक इचारतो. बसू थोरल्यांच्या पोटी म्हणणार तुम्ही. मग मी कोण?"

"आईचं नाव नसतंय, अक्का."

"ठाऊक असून?"

"व्हय," रुद्राप्पा हळूच म्हणाला.

"मग माझं पोरगं मी देत न्हाय." काकूनं सूप उचललं आणि आत नेऊन ठेवलं. जोंधळा कणगीत पडल्याचा आवाज गल्लीत ऐकू आला. बाकीच्या सुना सुपं धरून तशाच उभ्या, पुढंही येईनात आणि मागंही जाईनात. काका लालभडक झाले होते. आपल्याच बायकोनं आपल्या मुलाची चालून आलेली मालमत्ता लाथाडली, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. ते आप्पांकडे वळले. "दादा, तू बोल. तू म्हणशील तसं."

आता सगळं आप्पांवर आलं. ते कंबरेवर हात ठेवून हळूहळू उठले. मला वाटलं, आता आव्वाला ओरडणार, आणि मी तिच्यापुढं जाऊन उभी राहायची तयारी केली. त्यांच्या मुठीत महादेवीच्या किल्ल्या होत्या. ते म्हणाले, "रुद्राप्पा, नावं घे."

"कुणाची?"

"तुझ्या पोटात हाईत तेवढी सगळी."

काका चप्पल न घालताच निघून गेले. त्यांनी पुढं बरीच वर्षं आमच्याशी अबोला धरला आणि मधलं दार त्यांच्या बाजूनं लागलं. काकू मग रस्त्याच्या बाजूनं यायला लागली, तेवढाच फरक. दुकान आजही महादेवी चालवते. तिचं लग्नही झालं, नवरा गल्ल्यावर बसतो, ती पोती मोजते. कागद तिच्या नावावर करायची वेळ आली तेव्हा बसूच तिच्याबरोबर तलाठ्याकडे गेला आणि साक्षीची सही त्यानं केली.

तर त्या सकाळी रुद्राप्पानं पुन्हा घंटा वाजवली. त्याचा सूर पहिल्यांदा अडखळला, कारण ही नावं त्या सुरात कधी बसवलेलीच नव्हती. "मल्लाप्पा वाटंत गेला. गंगव्वा आली. दोन पोरं आन् एक म्हस घिऊन आली. हीर गंगव्वानं पाडली." मग काशव्वा, मग चन्नव्वा, मग त्यांच्या सुना. गल्ली एवढी शांत की बैलाच्या रवंथाचा आवाज येत होता. भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आज्जाच्या आईचं नाव आलं, तेव्हा त्या आज्जानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. सुनांच्या तोंडाकडे मला बघवेना. एकेक जण आपलं नाव कधी येतंय म्हणून श्वास धरून उभी होती, आणि आलं की लाजून हसत होती, चोरी पकडल्यासारखी.

"शिवाप्पाची बायको बाळव्वा. त्येंच्या पोटी दुंडाप्पा. दुंडाप्पाची बायको सुनंदा..."

"न्हाय," आव्वा म्हणाली.

ती चालत बैलापर्यंत गेली. रुद्राप्पा वाकला. तिनं त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं, आम्हाला ऐकू न येईल असं. तो सरळ झाला आणि त्यानं घंटा वाजवली.

"दुंडाप्पाची बायको निंगव्वा. निंगव्वाच्या पोटी महादेवी, शैलजा, राजश्री."

ही निंगव्वा कोण, हे मला कळेना. मला खरंच वाटलं, आप्पांची आधी एखादी बायको असली पाहिजे, आणि मी गर्दीत त्या बाईला शोधायला लागले. महादेवीनं माझं मनगट घट्ट धरलं. तिलाही ठाऊक नव्हतं. आप्पांनी मात्र मान खाली घातली, आणि त्यावरून मला कळलं. लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. निंगव्वा हे नाव आमच्या घरात खेडवळ वाटलं असणार. आप्पांनी तांदळात सुनंदा लिहिलं, आणि त्या दिवसापासून ती सुनंदा. तिचे आईवडील आम्हाला कळायला लागायच्या आधीच गेले. मामा धाकटा, तो तिला अक्का म्हणायचा. काकू अक्का म्हणायची. आप्पा नुसतं अगं म्हणायचे. ते नाव घेणारं जगात कुणी उरलंच नव्हतं, तिच्याशिवाय.

आमच्या वंशात माझं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं, पण ते माझ्या कानावर आलंच नाही. मी बैलाशेजारी उभ्या असलेल्या त्या बाईकडे बघत होते. दहावीपर्यंत मी तिच्या हातचं जेवले होते, तिच्या कुशीत झोपले होते, आणि ती निंगव्वा आहे हे मला भर गल्लीत, एका परक्या माणसाच्या तोंडून कळत होतं.